खालचा ओठ

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात विम्याचं पत्र येतं.
हप्ता वाढलेला असतो, कारण विचारायची लाज वाटावी
इतक्या सौम्य भाषेत.
गेल्या बारा महिन्यांत तक्रार? दावा?
दाव्यात रूपांतर होऊ शकेल असा प्रसंग?
चौकटी तीन. सत्तावीस वर्षं
मी तिन्हींत 'नाही' लिहिलं, रिसेप्शनवरच्या पेनाने,
उभ्या उभ्या, केटल उकळेपर्यंत.

यंदा बसले.

मिस्टर ओल्डरॉइड, वय अठ्ठावन्न.
खालची डावी अक्कलदाढ, आडवी, हट्टी,
मुळं मज्जातंतूला टेकलेली. एक्स-रेत दिसत होतं.
मी सांगितलं होतं. त्यांनी सही केली होती.
शंभरात एखाद्याचा ओठ बधिर राहतो, मी म्हणाले होते.
"मग मला उरलेल्या नव्व्याण्णवांत बसवा."
क्लेकहीटनमध्ये लोक असेच बोलतात,
बटाट्यांचा भाव केल्यासारखे.

पाच महिने झाले. ओठ परतला नाही.
चहा हनुवटीवरून ओघळतो, शर्ट ओला झाला की कळतं.
परवा जेवताना स्वतःचाच ओठ चावला,
रक्ताची चव आली तेव्हा थांबले.
आपलेच दात, आपलेच ओठ:
आई हे भाऊबंदकीच्या खटल्यांबद्दल म्हणायची.
तिला काय ठाऊक, मुलगी ते केसपेपरवर वाचेल.

पण ते चहाबद्दल बोलायला आले नव्हते.
मला माहीत नव्हतं,
आमच्या फॉर्मवर तो प्रश्नच नाही,
की दर गुरुवारी चॅपलमागच्या हॉलमध्ये
ते कॉर्नेट वाजवतात. वाजवायचे.
वडिलांचं कॉर्नेट, गिरणीच्या बँडमधलं.
गिरणीत आता फ्लॅट आहेत.
"फुंक येते," ते म्हणाले,
"पण माझ्यातून कुठून निघते ते कळत नाही."
मॉरीन पुसलेली ट्रॉली पुन्हा पुसत राहिली.

विम्याच्या नंबरावर फिओना नावाची बाई असते,
आवाज धुतलेल्या लोकरीसारखा.
नोंदी पाठवा, म्हणाली, एक अक्षरही बदलू नका.
नंतर काही आठवलं तर आजची तारीख घालून लिहा.
आणि त्यांना सॉरी म्हणा हं, डॉक्टर. जरूर म्हणा.
इथल्या कायद्यात सॉरी म्हणजे कबुली नव्हे.

फोन ठेवून मी बराच वेळ
तो शब्द आपल्या भाषेत म्हणून पाहिला.
'माफ करा' हे कुणाच्या पायावर पाय पडला तर.
'क्षमस्व' हे बंद दुकानाच्या पाटीवर.
खरंच आतून हललं, की आपण एकच म्हणतो:
चुकलं.
आणि म्हणताक्षणी सगळं देऊन बसतो,
फिओनाला न विचारता.

तरी ते वाक्य मोठं लबाड आहे. त्याला कर्ताच नाही.
चुकलं. कुणाचं? दाढेचं? जबड्याचं?
त्या शंभरांतल्या एकाचं?
पुढे 'माझं' लावायचं की नाही,
एवढाच काय तो दावा.
मी रोज रात्री ती दाढ पुन्हा काढते.
हात तसाच वळतो, तेवढाच जोर लावतो.
हाताला काही आठवत नाही.

काल ते तपासणीला आले.
डोळे मिटा, मी म्हणाले, स्पर्श कळला की हात वर करा.
कापसाचं टोक ओठाच्या डाव्या कडेने नेलं,
मग हनुवटीवर, मग पुन्हा ओठावर.
खुर्चीच्या दांड्यावर त्यांची बोटं होती,
तीन बोटं किंचित हलणारी,
कुठल्या तरी सुरावटीच्या कळा दाबत.

इंग्रजीत सॉरी मी आधीच म्हटलं होतं, नीट, पूर्ण वाक्यात.
आता ते दोन शब्द तोंडातून गेले,
मास्कच्या आत, जेमतेम ऐकू येतील असे.

"काय म्हणालात?" मॉरीनने कीबोर्डवर हात ठेवले.
"नोंदीत घालायचंय."

मी म्हणाले, लिही:
रुग्णाने हात वर केला नाही.